ग्रीक आणि सिथियन: वारंवार विचारले जाणारे प्रश्न

काळ्या समुद्राच्या उत्तर किनाऱ्यावर ग्रीक आणि सिथियन काही शतकं एकमेकांच्या शेजारी राहिले. त्याबद्दल लोक पुन्हा पुन्हा जे विचारतात, ते इथे एकत्र केलं आहे. सोपे प्रश्न आधी आहेत, अडचणीचे नंतर. एखादी गोष्ट दुसऱ्या उत्तरात आली असेल तर तिथला क्रमांक दिला आहे.

१. सिथियन म्हणजे नेमके कोण?

घोडे, मेंढ्या आणि गुरं घेऊन फिरणारे पशुपालक. साधारण इ.स.पू. ७व्या शतकापासून ३ऱ्या शतकापर्यंत डॅन्यूब आणि डॉन या नद्यांमधल्या गवताळ मैदानावर, म्हणजे आजच्या युक्रेन आणि दक्षिण रशियात, त्यांचा दबदबा होता. त्याच ७व्या शतकात त्यांनी थेट पश्चिम आशियात धडका मारल्या होत्या. असिरियन नोंदींत त्यांचा उल्लेख येतो. घर म्हणजे छपराची बैलगाडी, हत्यार म्हणजे घोड्यावरून चालवता येईल असं आखूड धनुष्य. लिपी नव्हती. सगळेच भटके होते असंही नाही. इ.स.पू. ५व्या शतकातला ग्रीक इतिहासकार हिरोडोटस शेती करणाऱ्या सिथियनांबद्दल लिहितो आणि ते धान्य स्वतः खायला नव्हे, विकायला पिकवतात असं सांगतो. कोणाला विकायला, ते प्रश्न ४ मध्ये आहे.

२. राहायचे युक्रेनमध्ये, मग त्यांना "इराणी" का म्हणतात?

इथे इराणी म्हणजे भाषाकुळ. आजच्या इराण देशाशी त्याचा थेट संबंध नाही. सिथियनांनी स्वतः काही लिहून ठेवलं नाही, पण ग्रीक ग्रंथांत आणि शिलालेखांत त्यांची नावं आणि मोजके शब्द उरले आहेत, आणि ते इराणी भाषांच्या घरातले आहेत. डॉन, नीपर, नीस्टर या नद्यांची नावंही त्याच घरातली. आज कॉकेशसमध्ये बोलली जाणारी ओसेटियन ही त्या भाषांची हयात असलेली जवळची नातेवाईक.

३. म्हणजे हेच आपले शक का?

हेच नव्हेत, चुलत घराणी म्हणा. इराणचे सम्राट गवताळ प्रदेशातल्या अशा सगळ्याच टोळ्यांना "सक" म्हणत. इराणमधल्या बेहिस्तूनच्या कातळावर सम्राट दारियससमोर बंदिवानांची रांग कोरलेली आहे. तिच्या शेवटी उंच टोकदार टोपी घातलेला स्कुंखा नावाचा सक सरदार उभा आहे. भारतात आले ते या मोठ्या गोतावळ्यातले पूर्वेकडचे लोक. काळ्या समुद्रावरच्या ओल्बिया या ग्रीक शहराच्या वेशीवर वावरणारे सिथियन इकडे आले नाहीत. नाशिकपर्यंतची हकिकत प्रश्न १४ मध्ये वाचा.

४. ग्रीक लोक एवढ्या लांब, त्या गारठ्यात कशाला गेले?

मासे, धान्य, कातडी आणि गुलाम. शेवटचा शब्द अनेक पुस्तकं हळूच गाळतात, पण ग्रीक इतिहासकार पॉलिबियसने काळ्या समुद्राच्या व्यापाराची यादी दिली आहे तिच्यात गुरांच्या जोडीला गुलाम आहेतच. मग मध, मेण आणि खारवलेले मासे. बदल्यात ग्रीकांकडून तेल आणि दारू जाई.

सुरुवात आजच्या तुर्कस्तानच्या किनाऱ्यावरच्या मिलेटस या ग्रीक शहराच्या लोकांनी केली. इ.स.पू. ७व्या शतकात बेरेझान बेटावर, मग ओल्बिया, पुढे केर्चच्या सामुद्रधुनीवर पँटिकापेऑन. क्रिमियाच्या टोकाला खेर्सोनेसॉस वसवलं ते हेराक्लिया नावाच्या दुसऱ्या ग्रीक शहराने. पँटिकापेऑनभोवती बोस्पोरसचं राज्य उभं राहिलं आणि इ.स.पू. ४थ्या शतकात अथेन्सचं पोट बऱ्याच अंशी तिथल्या गव्हावर भरू लागलं. अथेन्सचा वक्ता डेमॉस्थेनिस एका भाषणात सांगतो की तिथून दरसाल सुमारे ४,००,००० मेडिम्नोस धान्य येतं. एक मेडिम्नोस म्हणजे साधारण ५२ लिटरचं माप.

५. हिरोडोटसवर कितपत भरवसा ठेवायचा? तो थापाडा होता असं ऐकलं आहे.

थापाडा म्हणून त्याला मोडीत काढणाऱ्यांची गेल्या शंभर वर्षांत बरीच पंचाईत झाली आहे. दोन उदाहरणं पुरेत.

तो लिहितो की दफनविधीनंतर सिथियन लोक छोट्या तंबूत तापलेल्या दगडांवर गांजाचं बी टाकतात आणि त्या वाफेत आनंदाने आरोळ्या ठोकतात. अल्ताय पर्वतात पाझिरिक इथल्या गोठलेल्या थडग्यांत तंबूच्या काठ्या, दगड भरलेलं भांडं आणि गांजाचं बी मिळालं. पाझिरिकचे लोक सिथियनांचे दूरचे भाऊबंद, पण रीत तीच.

दुसरं उदाहरण जास्त अंगावर येणारं आहे. मारलेल्या शत्रूच्या हाताची कातडी सोलून ते भात्याला लावतात, असं तो म्हणतो. हे ऐकीव भयकथा म्हणून सोडून दिलं जायचं. २०२३ साली युक्रेनमधल्या सिथियन थडग्यांतल्या चामड्यांची प्रथिनं तपासल्याचा अभ्यास प्रसिद्ध झाला. बहुतेक चामडी मेंढी, बकरी, गुरं आणि घोड्याची निघाली, पण भात्यांचे दोन तुकडे माणसाच्या कातडीचे होते.

तो घसरतो तो तपशिलात कमी, निष्कर्षात जास्त. "सिथियन परक्या चालीरीती टाळतात, ग्रीकांच्या तर सगळ्यात जास्त," हे त्याचं विधान घ्या आणि प्रश्न ८ मधली थडगी बघा. दोन्ही एकत्र बसत नाहीत. माझं मत असं की तो राजसभेतल्या भांडणाबद्दल खरं सांगतो आहे आणि बाजाराबद्दल बोलतच नाही. ग्रीक वस्तू कोणीही बिनघोर घ्यावी. ग्रीक देवासमोर नाचणं मात्र जिवावर बेतायचं.

६. स्कायलेस राजाची गोष्ट खरी आहे की दंतकथा?

माणूस खरा होता, एवढं नक्की. गोष्ट हिरोडोटसची, आणि ती त्याच्या चौथ्या पुस्तकातली सर्वांत चांगली गोष्ट आहे.

स्कायलेस हा सिथियन राजा आरियापिथेसचा मुलगा. आई डॅन्यूबच्या मुखाजवळच्या इस्ट्रिया गावची ग्रीक. तिने त्याला ग्रीक बोलायला, लिहायला शिकवलं. तो गादीवर बसला, पण जीव तंबूत रमेना. ओल्बियाला आला की फौज वेशीबाहेर ठेवायचा, एकटा आत शिरायचा, दरवाजे लावून घ्यायचा आणि सिथियन कपडे उतरवून ग्रीक वेश करायचा. महिना महिना राहायचा. शहरात त्याने मोठा वाडा बांधला होता, भोवती पांढऱ्या दगडाचे स्फिंक्स आणि ग्रिफिन, म्हणजे सिंहाच्या धडाचे काल्पनिक प्राणी. तिथे एक बायकोही करून ठेवली होती.

पुढे त्याने डायोनिससची, म्हणजे ग्रीकांच्या दारूच्या देवाची, दीक्षा घ्यायचं ठरवलं. दीक्षेच्या तोंडावर वाड्यावर वीज पडली, वाडा जळाला, तरी तो थांबला नाही. तेवढ्यात ओल्बियाच्याच एका माणसाला मिरवायची हौस आली. तो बाहेरच्या सिथियनांना म्हणाला, "देव अंगात येतो म्हणून तुम्ही आम्हाला हसता ना? आता तुमच्या राजाच्याच अंगात आलाय, बघायचं तर चला." त्याने त्यांच्या सरदारांना गुपचूप एका बुरुजावर नेऊन बसवलं. खालून राजा झिंगलेल्या भक्तांच्या मेळ्यात नाचत गेला. बातमी फौजेत पोचली, भाऊ ऑक्टामासाडेस गादीवर बसला. स्कायलेस थ्रेसला पळाला, तिथल्या राजाने त्याला परत हवाली केलं आणि भावाने जागच्या जागी त्याचं मुंडकं उडवलं.

आता पुरावा. इस्ट्रियाच्या परिसरात सोन्याची एक अंगठी सापडली, तिच्यावर ग्रीक अक्षरांत स्कायलेसचं नाव आहे. म्हणजे आईच्या गावाकडेच. आणि ओल्बियात १९५१ साली हाडाच्या छोट्या पट्ट्या मिळाल्या, इ.स.पू. ५व्या शतकातल्या, म्हणजे स्कायलेसच्याच शतकातल्या. एका पट्टीवर खरवडलं आहे: "जीवन, मरण, जीवन, सत्य", आणि खाली डायोनिससच्या नावाची सुरुवातीची अक्षरं. तो ज्या दीक्षेपायी मेला, तसल्या मंडळ्या त्या शहरात खरोखर होत्या.

७. आणि अ‍ॅनाकार्सिस? तो तर ग्रीकांचा लाडका होता ना?

ग्रीकांचा लाडका, घरच्यांचा नाही. तो राजघराण्यातला, ग्रीस फिरला, अथेन्सचा कायदे करणारा सोलॉन याला भेटला अशी परंपरा आहे. परतताना सिझिकस शहरात त्याने देवमातेचा उत्सव पाहिला आणि सुखरूप पोचलो तर तसाच घरी करीन असा नवस बोलला. तो फेडायला झाडीत शिरला, कोणीतरी चहाडी केली आणि राजा सौलियसने, म्हणजे सख्ख्या भावानेच, त्याला बाण मारला. घरी त्याचं नाव काढायला कोणी तयार नव्हतं, असं हिरोडोटस म्हणतो. पुढे ग्रीकांनी मात्र त्याला डोक्यावर घेतलं आणि आपल्याच समाजाला चिमटे काढायला त्याच्या तोंडी हवी तेवढी वचनं घातली. ती वचनं त्याची समजू नका.

८. ते प्रसिद्ध सिथियन सोनं ग्रीकांनी घडवलं की सिथियनांनी?

सगळ्यात जास्त येणारा प्रश्न. सरसकट उत्तर नाही, पण इ.स.पू. ४थ्या शतकातल्या नावाजलेल्या बहुतेक वस्तूंत कारागिरी ग्रीक आणि मागणी सिथियन, असं आज मानलं जातं. पाय दुमडलेलं हरीण, कुरतडणारे हिंस्र प्राणी ही शैली सिथियनांची स्वतःची आणि ग्रीक ओळखीच्या आधीची.

क्रिमियात केर्चजवळ कुल-ओबाचं थडगं १८३० साली बांधकामासाठी दगड काढताना उघडलं. त्यात सोन्या-चांदीच्या मिश्रधातूचं, छोटं गोलसर भांडं निघालं. त्याच्यावर चार प्रसंग आहेत: एक जण मांडीखाली धनुष्य दाबून प्रत्यंचा चढवतो आहे, एक दुसऱ्याच्या तोंडात हात घालून दात तपासतो आहे, एक जण पायाची पट्टी बांधून घेतो आहे, दोघे भाले टेकून बोलत बसले आहेत. ज्याच्या दाताला हात लावला आहे त्याने वैद्याचं मनगट धरून ठेवलं आहे. हे कोरणाऱ्याने सिथियन माणसं जवळून पाहिली होती. काही अभ्यासक यात सिथियनांची मूळकथा बघतात: तीन भाऊ, बापाचं धनुष्य, आणि ते वाकवील त्याला राज्य. तसं असेल तर ग्रीक हातांनी सिथियन पुराण कोरलं.

सोलोखाच्या थडग्यातला सोन्याचा कंगवा १९१३ साली निघाला. दातांवर पाच सिंह बसलेले, वर तिघांची लढाई. घोडेस्वाराच्या अंगात सिथियन विजार आहे आणि डोक्यावर ग्रीक शिरस्त्राण. वेशांची अशी सरमिसळ बघायला मिळाली की हा कंगवा आठवावा.

तोव्स्ता मोहिलाच्या थडग्यातला गळ्यातला दागिना १९७१ साली बोरिस मोझोलेव्स्की यांनी शोधला. हे पुरातत्त्वज्ञ कवीही होते. वजन सुमारे १,१५० ग्रॅम. वरच्या पट्ट्यात दोन पुरुष मेंढीचं कातडं शिवताहेत, एक पोरगा मेंढीची धार काढतो आहे, शिंगरं घोडीला लुचताहेत; खालच्या पट्ट्यात ग्रिफिन घोडे फाडताहेत. हा दागिना ग्रीक बाईने घातला नसता आणि असलं बारीकसारीक तपशिलांचं गोठ्याचं दृश्य अथेन्समध्ये कोणी मागवलं नसतं.

आता अपवाद. चेर्तोम्लिक, मेलितोपोल, इलिंत्सी आणि डॉनच्या मुखाजवळचं "पाच भाऊ" या चार ठिकाणी धनुष्याच्या भात्याचे सोन्याचे पत्रे मिळाले, आणि चारही एकाच साच्यातले आहेत. त्यांवरची चित्रं ग्रीक पुराणकथांतला वीर अकिलिस याच्या आयुष्यातली मानली जातात. इथे कारागीर गिऱ्हाईकाची आवड विचारत बसलेला नाही. वस्तूचा आकार सिथियन ठेवला आणि गोष्ट आपली छापून दिली. सिथियन सरदारांना त्यात अकिलिस दिसत होता की आपलाच कोणी वीर, हे पत्रा सांगत नाही.

९. सिथियन बिनपाण्याची दारू प्यायचे हे खरं का?

ग्रीकांची तक्रार तीच होती. ग्रीक लोक दारूत पाणी घालून पीत, आणि निखालस प्यायची तर "सिथियन पद्धतीने ओत" म्हणत. स्पार्टाचा राजा क्लिओमेनिस वेडा झाला त्याचं खापरही स्पार्टावाल्यांनी सिथियन दूतांच्या संगतीवर फोडलं. दारू पुरवणारे कोण, तर ग्रीकच. थासॉस, खिऑस, हेराक्लिया इथले मातीचे रांजण गवताळ प्रदेशात आतवर मिळतात. चेर्तोम्लिकच्या चांदीच्या रांजणाला तर सिंहमुखी तोट्या आणि आत गाळणी आहे.

१०. अथेन्सचे पोलीस सिथियन होते?

होते, आणि गुलाम होते. इ.स.पू. ५व्या शतकात शहराने सार्वजनिक पैशातून तिरंदाज विकत घेतले. ३०० हा आकडा वक्त्यांच्या भाषणांत येतो. सभेत आणि बाजारात बंदोबस्त त्यांच्याकडे. स्वतंत्र नागरिकाला नागरिकानेच धरून ओढणं अपमानाचं, म्हणून ते काम परक्या गुलामाकडे दिलं, असं एक स्पष्टीकरण दिलं जातं आणि ते पटण्यासारखं आहे. नाटककार अ‍ॅरिस्टोफेनिसच्या इ.स.पू. ४११ च्या एका प्रहसनात असा शिपाई मोडकंतोडकं ग्रीक बोलतो आणि प्रेक्षक त्याला हसतात. एक खबरदारी: अथेन्सच्या मातीच्या भांड्यांवर टोकदार टोपीतले तिरंदाज दिसतात त्यांतले बरेच या पोलिसांच्या आधीचे आहेत. तो पोशाख चित्रकारांनी "तिरंदाज" दाखवायला सरसकट वापरला असावा.

११. अ‍ॅमेझॉन बायका म्हणजे सिथियन स्त्रियाच का?

लढवय्या अ‍ॅमेझॉन बायकांची दंतकथा ग्रीकांची, पण तिला खाली जमीन आहे. काळ्या समुद्राच्या उत्तरेला आणि डॉनच्या पलीकडे भाले, बाण आणि घोड्याच्या साजासकट पुरलेल्या बऱ्याच स्त्रिया सापडल्या आहेत. हाडं नीट तपासायला लागल्यापासून पूर्वी "योद्धा" म्हणून पुरुष धरलेले काही सांगाडे बायकांचे निघाले. हिरोडोटस सिथियन तरुण आणि अ‍ॅमेझॉन यांच्यापासून सौरोमाटी लोक झाले असं सांगतो. एक स्तन कापण्याची गोष्ट मात्र सोडून द्या. ग्रीक चित्रांतल्या अ‍ॅमेझॉनसुद्धा तशा दाखवलेल्या नाहीत.

१२. सगळी देवघेव ग्रीकांकडून सिथियनांकडेच झाली का?

नाही, पण उलट दिशेची देवघेव सोन्यात दिसत नाही म्हणून ती नजरेतून सुटते. हिरोडोटस ओल्बियाजवळच्या एका जमातीला "ग्रीक सिथियन" म्हणतो. उत्तरेला गेलोनॉस नावाच्या लाकडी गावात मूळचे ग्रीक राहतात आणि अर्धं सिथियन, अर्धं ग्रीक बोलतात असंही लिहितो. युक्रेनमधल्या बिल्स्कचा प्रचंड तटबंदीचा किल्ला म्हणजेच ते गाव, असं अनेकांना वाटतं.

सगळ्यात बोलका साक्षीदार उशिराचा आहे. इ.स. पहिल्या शतकाच्या अखेरीस दिओ नावाचा वक्ता ओल्बियाला आला. वेशीबाहेर त्याला कॅलिस्ट्राटस नावाचा अठराएक वर्षांचा देखणा पोरगा घोड्यावर भेटला: कमरेला मोठी तलवार, पायात विजार, खांद्यावर पातळ काळं वस्त्र, सगळा थाट गवताळ प्रदेशातला. आदल्याच दिवशी टोळ्यांचा हल्ला झाला होता. तरी गावकरी जमले ते तत्त्वज्ञान ऐकायला. दिओ म्हणतो, यांचं ग्रीक आता शुद्ध राहिलेलं नाही, पण इलियड जवळपास सगळ्यांना पाठ आहे. पोशाख शेजाऱ्यांचा झाला, होमर सुटला नाही.

१३. दारियसने सिथियनांवर स्वारी केली तेव्हा ग्रीक कोणाच्या बाजूने होते?

दारियसच्या. साधारण इ.स.पू. ५१३ ची ही स्वारी. आजच्या इस्तंबूलजवळच्या बॉस्फोरसवरचा होड्यांचा पूल सामोसच्या मँड्रोक्लिसने बांधला, डॅन्यूबवरचा आयोनियाच्या, म्हणजे मिलेटसच्या बाजूच्या, ग्रीकांनी. सिथियन लढाईला उभेच राहिले नाहीत. चारा जाळत, विहिरी बुजवत मागे हटत गेले. नंतर त्यांनी पुलावरच्या ग्रीकांना गाठून सांगितलं: पूल तोडा आणि स्वतंत्र व्हा. त्या ग्रीकांतला मिल्टियाडिस तयार होता. मिलेटसचा हिस्टिएयस आडवा आला: आपण आपापल्या शहरांत सत्तेवर आहोत ते दारियसच्या जिवावर, तो गेला की लोक आपल्याला हाकलतील. मग त्यांनी पूल तोडल्याचं नाटक केलं. सिथियन सीमेवर वसलेल्या ओल्बियाचं मातृशहरही मिलेटसच, हे लक्षात ठेवा. "ग्रीक विरुद्ध रानटी" असा सरळ सामना इथे कुठेच नाही.

१४. याचा महाराष्ट्राशी काही संबंध आहे का, की उगाच जोडायचा?

आहे, पण काळ्या समुद्रामार्गे नाही. पूर्वेला बॅक्ट्रियात, आजच्या उत्तर अफगाणिस्तानात, अलेक्झांडरनंतर ग्रीक राज्यं होती. इ.स.पू. १४५ च्या सुमारास आय-खानुम हे ग्रीक शहर उद्ध्वस्त झालं आणि पुढच्या काही वर्षांत शक आणि युएची टोळ्यांनी तो प्रदेश बळकावला. शक पुढे सिंध, गुजरात करत आले आणि येताना ग्रीक राजांची नाणी पाडायची पद्धत घेऊन आले.

नाशिकजवळ जोगळटेंभी इथे १९०६ साली १३,००० हून अधिक चांदीच्या नाण्यांचा साठा सापडला. नाणी क्षहरात घराण्यातला शक क्षत्रप, म्हणजे प्रांताधिपती, नहपान याची. एका बाजूला त्याचा मुखवटा आणि भोवती ग्रीक अक्षरं, पण ती वाचली तर शब्द प्राकृत निघतात: राजा, क्षहरात, नहपान. मागे बाण आणि वज्र, ब्राह्मी आणि खरोष्ठीसह. साठ्यातल्या बहुतांश नाण्यांवर गौतमीपुत्र सातकर्णीने स्वतःचा ठसा पुन्हा मारला आहे.

पांडवलेण्यांत गेलात तर लेणं क्र. १० नहपानाचा जावई उषवदात याचं. त्याच्या लेखात तीन लाख गाई दान दिल्याचा उल्लेख आहे. त्याच डोंगरात क्र. १७ हे उत्तरेकडच्या दत्तामित्री गावचा यवन धम्मदेव याचा मुलगा इंद्राग्निदत्त याने कोरवलं. इथे यवन म्हणजे ग्रीक. आणि क्र. ३ मध्ये गौतमी बलश्री आपल्या मुलाला शक, यवन आणि पल्हव यांचा संहारक म्हणते. शालिवाहन शकाबद्दल विचाराल तर: तो इ.स. ७८ पासून मोजतात, आणि पश्चिम क्षत्रपांनी तो दीर्घकाळ वापरल्यामुळे शकांचं नाव त्याला चिकटलं, असं सर्वसाधारणपणे मानलं जातं.

१५. संग्रहालयातलं सोनं खरंच असतं का?

नेहमी नाही. पॅरिसच्या लूव्रने १८९६ साली सैताफर्नेस राजाचा सोन्याचा मुकुट २,००,००० फ्रँकना घेतला. सैताफर्नेस खरा, ओल्बियाच्या एका शिलालेखात त्याला खंडणी दिल्याची नोंद आहे, आणि बनावट करणाऱ्यांनी तोच धागा पकडला. १९०३ साली ओडेसाचा सोनार इस्राएल रुखोमोव्स्की पॅरिसला आला आणि मुकुटाचा एक भाग पुन्हा करून दाखवून मुकुट आपणच घडवल्याचं त्याने सिद्ध केलं. त्याला ते प्राचीन म्हणून विकलं जाणार हे माहीत नव्हतं असं त्याचं म्हणणं होतं. मुकुट अजून लूव्रकडेच आहे.

१६. हे सगळं आज कुठे आहे? अ‍ॅमस्टरडॅमच्या खटल्याचं काय झालं?

कुल-ओबा, सोलोखा आणि चेर्तोम्लिकमधल्या मुख्य वस्तू सेंट पीटर्सबर्गच्या हर्मिटाजमध्ये. तोव्स्ता मोहिलाचा दागिना कीवचा. खटला वेगळ्या वस्तूंचा. २०१४ साली क्रिमियातल्या चार संग्रहालयांच्या वस्तू अ‍ॅमस्टरडॅमच्या अ‍ॅलार्ड पिअरसन संग्रहालयात प्रदर्शनाला असतानाच रशियाने क्रिमिया ताब्यात घेतला. वस्तू परत कोणाला द्यायच्या, संग्रहालयांना की युक्रेनला, यावर वर्षानुवर्षं दावे चालले. जून २०२३ मध्ये नेदरलँड्सच्या सर्वोच्च न्यायालयाने युक्रेनच्या बाजूने निकाल दिला आणि नोव्हेंबर २०२३ मध्ये त्या कीवला पोचल्या.